बाईचा देश कोणता?

(मंडळाच्या वर्धापनदिनी पाली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आहार, बालसंगोपन किंवा संतवाङ्मय यांपैकी एखादा विषय निघावा, अशी आपली रीत आहे. यंदा कार्यकारिणीने मला 'नागरिकत्व' या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा दोघीतिघींनी विचारलेच, "यात आम्हांला काय करायचे आहे? आम्ही इथे जन्मलो, इथेच दिल्या गेलो, दर निवडणुकीला मत देऊन येतो. याउपर आणखी काय हवे?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या परसात बारमाही विहीर आहे, त्याला पाण्याची चिंता वाटत नाही. पण आपल्यांतल्याच कित्येक घरचे मुलगे-जावई कुवेत-दुबईला नोकरीस आहेत. कुणाची नात अमेरिकेत जन्मली आहे, कुणाची भाची परदेशी मुलाशी लग्न करीन म्हणते. शिवाय पालीवरून जाणारा आपला हमरस्ता खाली गोव्यात उतरतो, आणि त्या गोव्यावर १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत दुसऱ्या राष्ट्राचे निशाण होते. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

मी काही वकील नव्हे. माझी हयात कचेरीत लोकांचे दाखले आणि अर्ज वाचण्यात गेली, एवढीच माझी या विषयातली पुंजी. त्या कामात बायकांच्या तोंडून एक प्रश्न मी निरनिराळ्या रूपाने ऐकला, तोच आज आपल्यापुढे ठेवते. लग्नाने बाईचे आडनाव बदलते, गाव बदलते, कार्डावरचे नाव बदलते; मग तिचा देशही बदलतो काय? आणि बदलतो असेल, तर तो तिला विचारून बदलतो की न विचारता?

आधी नागरिकत्व मिळते कसे, ते पाहू. आपल्या घरात माणूस किती वाटांनी येतो? कुणी घरात जन्मून येतो. कुणी परगावी जन्मतो, पण वंशाने घरचाच असतो. कुणी लग्न होऊन येते, कुणाला दत्तक घेतात. आणि शेजारचे घर आपल्या घराला जोडले गेले, तर त्यातली माणसेही आपलीच होतात. राष्ट्राचेही तसेच आहे. १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्यात अशाच पाच वाटा सांगितल्या आहेत: जन्माने, वंशाने, नोंदणीने, देशीयकरणाने आणि नवा प्रदेश देशात सामील झाल्याने. लग्नाची वाट ही नोंदणीतच येते. देशीयकरण म्हणजे परक्याने पुष्कळ वर्षे इथे राहून, अर्ज करून आपल्यात येणे. दत्तकासारखेच म्हणा ना.

दुसऱ्या देशांतही वाटा जवळपास याच असतात, फक्त उंबरठे कमीजास्त उंच असतात. फ्रान्सचे उदाहरण घ्या. फ्रेंच आईचे अथवा बापाचे मूल जगात कुठेही जन्मो, ते फ्रेंच. फ्रान्समध्ये जन्मलेल्या माणसाचे मूलही फ्रान्समध्येच जन्मले, तर तेही फ्रेंच. परक्या आईबापांचे मूल तिथे जन्मले म्हणून लगेच फ्रेंच होत नाही; पण अठरा वर्षांचे होताना ते तिथे राहत असेल, आणि अकराव्या वर्षानंतर एकूण पाच वर्षे राहिले असेल, तर ते फ्रेंच होते. फ्रेंच माणसाशी लग्न केलेल्याला निदान चार वर्षे एकत्र संसार केल्यावर तशी मागणी करता येते. बाकीच्यांनी साधारण पाच वर्षे तिथे राहून अर्ज करावा लागतो, आणि भाषा येते हे दाखवावे लागते.

आपल्याकडे जन्माची वाट पूर्वी फार रुंद होती. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो, वकिलातींतल्या माणसांची मुले वगैरे थोडे अपवाद सोडल्यास, भारताचा नागरिक. आईबाप कोण हे कायदा विचारीत नसे. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याचे आई किंवा बाप यांपैकी एक तरी भारतीय हवा असे ठरले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा, असा नियम आहे. म्हणजे सख्ख्या भावंडांनाही जन्मतारखेप्रमाणे निरनिराळा नियम लागू शकतो. तारखेला एवढे महत्त्व आहे.

आणि १९५० पूर्वी जन्मलेले आपले वाडवडील? त्यांच्यासाठी राज्यघटनेचे पाचवे कलम आहे. ज्याचे कायमचे घर भारतात आहे आणि जो स्वतः इथे जन्मला, किंवा ज्याचे आई वा वडील इथे जन्मले, किंवा जो घटना येण्यापूर्वी निदान पाच वर्षे इथे राहत होता, तो भारताचा नागरिक झाला. त्याला अर्ज करावा लागला नाही. याचे आपल्या जिल्ह्यातले उदाहरण सांगते. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले, आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येला वाड्यावर नोकरीस असलेल्या गोपाळ सावंतांपासून मुलगी झाली, ती टूटू. ती पुढे रत्नागिरीतच राहिली आणि इथल्या बायकांसारखीच मराठी बोलत म्हातारी झाली. जन्म रत्नागिरीचा, घर रत्नागिरीचे. पाचव्या कलमाच्या शब्दांत राजाची नात सहज बसते. कायद्याने तिचे मूळ मंडालेचे की मिऱ्याचे हे विचारले नाही. घर कुठे आणि जन्म कुठे एवढेच विचारले.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. जुन्या काळी बहुतेक युरोपियन देशांच्या कायद्यांत बाईला स्वतःचे राष्ट्र असे नव्हतेच. नेपोलियनच्या वेळी, १८०४ साली, फ्रान्सचा दिवाणी कायदा झाला. त्यात परक्या बाईने फ्रेंच माणसाशी लग्न केले की ती फ्रेंच, आणि फ्रेंच बाईने परक्याशी केले की ती परकी, असा सरळ हिशेब होता. इंग्रजांच्या १९१४ च्या कायद्यातही तेच: ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश प्रजाजन, परक्याची बायको ती परकी. पोर्तुगालच्या १८६७ च्या दिवाणी कायद्यानेही पोर्तुगिजाशी लग्न करणाऱ्या परक्या बाईला पोर्तुगीज ठरविले होते.

हे लंडन-पॅरिसचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. इंग्रज अमदानीत आपला रत्नागिरी जिल्हा पार वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता, आणि पलीकडे पेडण्याला पोर्तुगीज अंमल. मधे सावंतवाडीचे संस्थान असले, तरी सोयरिकी या भागात पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. भाषा तीच, देव तेच, कुळाचारही पुष्कळसा तोच. समजा, १९२० साली वेंगुर्ल्याची एक मुलगी पेडण्याच्या घरी दिली. तिच्या बापाने मुहूर्त पाहिला, मानपान पाहिले, वराची जमीन पाहिली. पण मंगळसूत्र गळ्यात पडले त्या घटकेला या दोन्ही कायद्यांच्या लेखी ती ब्रिटिश प्रजाजन उरली नाही आणि पोर्तुगीज झाली. तिने कुठे सही केली नाही, अंगठा उठविला नाही. मांडवात तिला जावयाच्या घरचे नवे नाव मिळाले ते सगळ्यांनी ऐकले. नवे राष्ट्र मिळाले ते कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

नवराबायको सीमेच्या एकाच बाजूला सुखाने नांदत असेपर्यंत याचे काही वाटत नाही. पण सीमा बंद झाली की कळते. १९५५ साली गोव्याची नाकेबंदी झाली, येण्याजाण्यावर निर्बंध आले आणि सीमेवरच्या घरांचे माहेर-सासर तुटले. अशा वेळी माणूस कुणाचा, हे त्याच्या बोलीवरून ठरत नाही, कागदावरून ठरते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मग तिथल्या लोकांच्या नागरिकत्वाचा प्रश्न आला. भारत सरकारने २८ मार्च १९६२ रोजी हुकूम काढला: जो माणूस, किंवा ज्याचे आई वा वडील, किंवा आजोबा-आजींपैकी कुणीही, २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मले असतील, तो माणूस त्या दिवसापासून भारताचा नागरिक. ज्याला आपले जुनेच राष्ट्रीयत्व ठेवायचे असेल, त्याने एक महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे. दादरा-नगरहवेलीसाठीही १९६२ सालीच असा निराळा हुकूम निघाला. प्रदेश सामील झाल्याने नागरिकत्व, ही जी पाचवी वाट मी मघाशी सांगितली, ती हीच.

या हुकमात आजी आणि आई यांनाही धरले आहे, ही गोष्ट लक्षात घ्या. नुसता बाप पाहिला नाही. पण आपली वेंगुर्ल्याची लेक? ती गोव्यात जन्मली नव्हती, तिचे आईबाप, आजेआजीही नव्हते. नवरा भारतीय झाला, मुले भारतीय झाली. ती मात्र त्या हुकमाच्या शब्दांत बसत नव्हती. तिच्यासाठी १९५५ च्या कायद्यात दुसरे दार होते. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या स्त्रीला नोंदणी करून नागरिक होता येत असे. म्हणजे दार होते, पण ते आहे हे ठाऊक हवे आणि जाऊन ठोठवावयास हवे.

ज्यांनी महिन्याच्या आत पोर्तुगीज राष्ट्रीयत्व ठेवले, त्यांतले एक फादर मोंतेरो. ते गोव्यातच राहत. परक्या नागरिकाला लागतो तसा राहण्याचा परवाना त्यांना मिळाला होता. त्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली आणि त्यांनी ती वाढवून घेतली नाही. खटला झाला, शिक्षा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. आपल्याच जन्मगावी माणूस परका ठरू शकतो, तो असा. आणि तो ठरला त्याच्या स्वतःच्या लेखी निवडीमुळे. सहीचे वजन किती असते ते यावरून कळावे.

आता पाँडिचेरीकडे वळू, कारण तिथे हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने झाली. पाँडिचेरी, कारिकल, माहे आणि यानम ही फ्रेंचांची ठाणी. १ नोव्हेंबर १९५४ रोजी तिथला कारभार भारताकडे आला. २८ मे १९५६ रोजी दोन्ही राष्ट्रांनी तह केला, आणि १६ ऑगस्ट १९६२ पासून तो अमलात आला. तिथे जन्मलेले आणि तिथेच राहणारे फ्रेंच नागरिक त्या दिवशी भारतीय झाले. पण फ्रेंच राहावयाचे असेल तर लेखी कळविण्यास त्यांना सहा महिने मिळाले. गोव्यात एक महिना, इथे सहा. फ्रान्सने समजुतीने तह केला होता. पोर्तुगालने मात्र गोव्यावरचा भारताचा हक्क मान्य करणारा तह केला तो १९७४ च्या ३१ डिसेंबरला.

पाँडिचेरीच्या त्या तहात एक वाक्य असे आहे की, ते वाचून मला फार समाधान वाटले. मुलांचे राष्ट्रीयत्व बापाच्या निवडीप्रमाणे, बाप नसेल तर आईच्या, असे ठरविल्यावर त्यात स्पष्ट म्हटले आहे की, नवऱ्याच्या निवडीने बायकोच्या राष्ट्रीयत्वाला बाधा येणार नाही. म्हणजे एकाच घरात नवरा फ्रेंच आणि बायको भारतीय राहू शकत होती. नेपोलियनच्या कायद्यापासून इथपर्यंत यावयास दीडशे वर्षे लागली. फ्रान्सने १९२७ साली, परक्याशी लग्न केलेल्या आपल्या बाईला आपले राष्ट्रीयत्व ठेवू दिले, आणि १९७३ साली या बाबतीत नवराबायकोला एकच नियम लावला. इंग्रजांनी जुना नियम १९४८ च्या कायद्याने सोडला. १९५७ साली संयुक्त राष्ट्रांनी विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयी करार केला, त्याचे सार हेच: लग्नाने, घटस्फोटाने किंवा नवऱ्याने राष्ट्र बदलल्याने बायकोचे राष्ट्र आपोआप बदलू नये.

आपल्या देशाचे काय? आपल्या १९५५ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न केल्याबद्दल भारतीय बाईचे नागरिकत्व काढून घेतले नाही. मात्र दोन ठिकाणी बाईचे माप उणे होते. भारतीय पुरुषाच्या परदेशी बायकोला नोंदणीची वाट होती. भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला ती नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने ती दोघांनाही मिळाली, आणि आज इथे सात वर्षे राहिल्यावर नवरा काय, बायको काय, अर्ज करू शकतात. दुसरे उणे याहून मोठे होते. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळे ते केवळ बापाकडून. आई भारतीय आणि बाप परका असेल, तर वंशाच्या वाटेने ते मूल भारतीय होत नसे. नऊ महिने पोटात वाढविणाऱ्या आईचा वंश कायदा मोजीत नव्हता! १० डिसेंबर १९९२ पासून जन्मलेल्या मुलांसाठी हे बदलले; आता आई किंवा बाप, कुणीही एक भारतीय असले तरी पुरते.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे, भगिनींनो: आज लग्नाने बाईचा देश आपोआप बदलत नाही. पण तो तिच्या सहीने बदलू शकतो, आणि म्हणून सही कशावर करतो आहोत हे तिला कळले पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाप्रमाणे आणि नागरिकत्व कायद्याप्रमाणे जो आपखुशीने दुसऱ्या राष्ट्राचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व त्याबरोबर संपते. फ्रान्स दोन नागरिकत्वे चालवून घेते; भारत घेत नाही. परदेशातल्या लेकीला नवरा म्हणाला, "तू पण अर्ज भर, सोयीचे पडेल," तर सोय खरीच असेल. पण ती पुरी होईल त्या दिवशी ती भारताची मतदार राहणार नाही, हे तिने आधी जाणून घ्यावे.

गोव्यात हा प्रश्न आजही जिवंत आहे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना लिस्बनच्या नोंदवहीत जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिक होता येते, आणि त्या वाटेने पुष्कळ गोवेकर युरोपात नोकरीस गेले. ते करावे की न करावे, हे मी सांगणार नाही. पोटाचा प्रश्न ज्याचा त्याला कळतो. पण एका नोंदीने दुसरी नोंद पुसली जाते, एवढे समजून करावे.

'ओसीआय' कार्ड मिळते ना, मग काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. त्या कार्डाच्या नावात नागरिक हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. त्यावर व्हिसाशिवाय येता येते, राहता येते. मत देता येत नाही, आणि शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित कलमांची बाग वारशाने मिळेल. शेजारचे दोन गुंठे मात्र घेता येणार नाहीत. कोकणच्या माणसाला याचा अर्थ मी फोड करून सांगावयास नको.

शेवटी तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पहिली, आखातातल्या नातवंडांची. कुवेत-दुबईत जन्मले म्हणून मूल तिथले नागरिक होत नाही. आणि ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशी जन्मलेल्या मुलाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. बारशाचे फोटो आले म्हणजे आनंद करा, पण त्याच फोनवर विचारा, "वकिलातीत नोंद केलीस ना?" आजीचे हे एक वाक्य नातवाच्या जन्मभर उपयोगी पडेल.

दुसरी, अमेरिकेसारख्या देशात जन्मलेल्या मुलांची. तिथे जन्मताच ते नागरिकत्व मिळते. वंशाने भारतीय असलेल्या अशा मुलाने सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत परके नागरिकत्व सोडले नाही, तर भारतीय नागरिकत्व जाते. म्हणून ही निवड अठराव्या वर्षाच्या आधी घरात बसून बोलावी.

तिसरी आपली स्वतःची. बाईच्या कागदांत दोन नावे असतात, माहेरचे आणि सासरचे. जन्माचा दाखला एका नावाचा, मतदारयादी दुसऱ्या नावाची. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला. तो नसेल तर काढून घ्या. आधार कार्ड उपयोगाचे आहे, पण ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधारच्या कायद्यातच लिहिले आहे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाहाचा दाखला आणि आईबापांचे कागद हे एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कपाटात कुठे आहे ते सुनेलाही ठाऊक असू द्या. दागिन्यांच्या डब्याइतकीच ती जपा. दागिना मोडला तर पुन्हा घडविता येतो; चाळीस वर्षांपूर्वीची नोंद शोधायची झाली तर कचेरीचे किती उंबरठे झिजवावे लागतात, ते मी पाहिले आहे.

आपल्या आज्यांना कुणी न विचारता राष्ट्र दिले आणि न विचारता काढून घेतले. आपल्याला ते विचारून मिळण्याचा काळ आला आहे. ज्याला विचारले जाते, त्याला उत्तर देता आले पाहिजे, आणि त्यासाठी हे थोडे रूक्ष ज्ञान लागते. लक्ष्मी-पल्लीनाथाच्या या गावात आपले मंडळ असेच वर्षानुवर्षे नांदो, आणि पुढच्या वर्धापनदिनापर्यंत निदान प्रत्येक घरी ती कागदांची पिशवी तयार होवो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.